डोक्याची मागची बाजू

सलूनमध्ये कटिंग संपली की कारागीर एक छोटा आरसा उचलून गिऱ्हाइकाच्या मानेमागे धरतो. आधी डावीकडून, मग उजवीकडून. गिऱ्हाईक समोरच्या मोठ्या आरशात स्वतःची मान बघतं आणि मुंडी हलवतं. लेक लहान होता तेव्हा त्याला घेऊन मुलुंडच्या सलूनमधल्या बाकड्यावर बसून मी हा कार्यक्रम कितीदा तरी पाहिलाय. त्या वेळी ‘थांबा, इथे जरा कमी-जास्त वाटतंय’ असं म्हणणारा एकही माणूस मला दिसला नाही. काय बघायचं तेच ठाऊक नसतं ना! पुढच्या केसांवरून माणूस पाच मिनिटं हुज्जत घालेल, कल्ले कुठपर्यंत हवेत ते बोट लावून दाखवेल. मागचं मात्र सगळं विश्वासावर.

आपल्या डोक्याची मागची बाजू आपल्या वाट्याला येतच नाही. ती पाहतात दुसरेच. लोकलच्या गर्दीत आपल्या मागे चिकटून उभा राहिलेला परका माणूस ठाणे ते दादर ती निवांत न्याहाळतो, आणि आपण जन्मभर तिच्याबद्दल अंदाज बांधत राहतो. मी घरच्यांचे केस कापायला लागले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पैसे वाचतात, वेळ वाचतो, हे खरंच आहे. पण मला त्यातलं जे आवडतं ते वेगळंच. ज्यांच्याबरोबर चोवीस तास राहते त्या माणसांची ही दुसरी बाजू मला पाठ झालीय आणि त्यांना स्वतःला तिचा पत्ता नाही.

नवऱ्याच्या उजव्या कानामागे एक तीळ आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्याला तो माहीत नव्हता, मी फोटो काढून दाखवला तर म्हणाला, ‘हा माझा नाही.’ त्याच्या मानेवर केसांची रेष सरळ संपत नाही, डावीकडे खाली उतरते. सलूनवाले ती वस्तऱ्याने सरळ करून द्यायचे आणि आठ दिवसांत तिथे खुंट उगवून मान मळकी दिसायला लागायची. मी ती आहे तशी उतरू देते. लेकाला दोन भोवरे, तेही एकमेकांच्या उलट फिरणारे, हवामान खात्याच्या नकाशात एकाच वेळी दोन वादळं दाखवावीत तसे. सासूबाईंनी बारशालाच जाहीर करून टाकलं होतं, ‘दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं.’ पोरगा विशीत आला तरी पहिल्याचं चिन्ह नाही, पण भोवऱ्यांनी मला मात्र धडा दिला: मशीन एकाच दिशेने फिरवून तिथे काहीही साधत नाही. केस जिकडे वळतो त्याच्या उलट जायचं, म्हणजे भोवऱ्याभोवती आपणच गोल फिरायचं.

आणि अप्पा. माझे सासरे. त्यांच्या डोक्यावर मागे, अगदी मधोमध, बोटाच्या पेराएवढी खोक आहे. लहानपणी गावच्या विहिरीच्या काठावरून पडले होते. व्रणाच्या जागी केसांची मुळंच उरत नाहीत, त्यामुळे तिथे केस उगवत नाही. वरचे केस थोडे लांब ठेवले की ती झाकली जाते. अप्पांनी मला हे कधी सांगितलं नाही. त्यांच्या जुन्या न्हाव्याला ते माहीत असणार, कारण लग्नातल्या फोटोंपासून आजपर्यंत ती खोक कुठल्याही फोटोत दिसत नाही.

माझं हे शिक्षण झालं लालबागच्या चाळीत, आणि ते काही हौसेने झालं नाही. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात साचा खात्यातले, म्हणजे मागांवर काम करणारे, माझे वडीलही होते. महिन्या-दोन महिन्यांत मिटेल असं सगळे म्हणत होते. मिटला नाही. घरखर्चातून एकेक गोष्ट गळायला लागली. आधी सिनेमा, मग मटण, मग सलून. केस काही संपावर जात नाहीत. ते महिन्याला सव्वा सेंटिमीटरच्या हिशोबाने वाढतच राहतात. माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस धरले तर दिवसाला सगळे मिळून चाळीसेक मीटर. घरात मिळवता हात थांबलेला असताना हे एवढं उत्पादन चालू होतं.

पलीकडच्या खोलीतल्या काकांकडे एक हातमशीन होतं. पकडीच्या आकाराचं, दोन दांड्यांचं. दांड्या दाबल्या की वरचं दातेरी पातं खालच्या पात्यावर सरकायचं, सोडल्या की स्प्रिंग ते परत आणायची. सगळी गंमत दाबण्याचा आणि पुढे सरकण्याचा मेळ बसण्यात होती. हात दाबण्याआधीच पुढे गेला की केस कापला जायच्या ऐवजी उपटला जायचा आणि पोरगं गॅलरीभर ऐकू जाईल असं किंचाळायचं. काकांना मेळ जमला होता. दिवसभर दोन साचे सांभाळलेले हात होते ते. रविवारी सकाळी गॅलरीत स्टूल मांडायचं, खाली जुने पेपर, अंगाभोवती वडिलांचं धोतर, आणि मजल्यावरची सगळी पोरं रांगेत. मजला ये-जा करत असायचा आणि प्रत्येक जण थांबून मागून बघायचा. ‘डावीकडे जरा राहिलंय हो.’ ‘कानामागे बघा, कानामागे.’ ‘अहो, एवढं बारीक? पोराला मिलिट्रीत पाठवताय काय?’ छोट्या आरशाची गरजच पडायची नाही. चाळीत कुणाचीही मागची बाजू खाजगी नव्हती.

पोरींचे केस आया कापायच्या, तेही उन्हाळ्यात, उवा आणि घामोळ्यांच्या भीतीने. आईकडे कपड्यांची एक कात्री होती, तिला हात लावायची आम्हाला बंदी. कागद कापलास तर हात तोडीन, ही धमकी. त्याच कात्रीने ती माझे केस कानाच्या पाळीला समांतर कापायची, कारण केस म्हणजे कापडासारखीच चीज, कागद नव्हे, असं तिचं शास्त्र होतं. शास्त्र पुष्कळ बरोबर होतं. कागदाने कात्रीची धार बोथट होते हे कुठलाही शिंपी सांगेल. आणि ज्या कात्रीने दुधाची पिशवी कापतो तिने केस कापायला गेलं की काय होतं तेही पाहण्यासारखं असतं. जाड पातं केसांच्या पुंजक्याला कापण्याआधी पुढे ढकलतं. पुंजका निसटतो, अर्धा कापला जातो, टोकं चिरडतात. मग लोक म्हणतात, घरी केस कापले की पायऱ्या पडतात. पायऱ्या कात्रीने पडलेल्या असतात, घराने नव्हे.

केसांच्या कात्रीची पाती अरुंद, निमुळती आणि वस्तऱ्याच्या जवळ जाणारी असतात. एका कडीला मागे एक वाकडी शेपटी असते, ती कशासाठी हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. ती करंगळी टेकायला. एका कडीत अंगठा, दुसरीत अनामिका, शेपटीवर करंगळी. आता हलवायचा फक्त अंगठा. खालचं पातं स्थिर, कंगव्याला समांतर. वरचं पातं तेवढं उघडतं-मिटतं. आपण रोजच्या कात्रीने दोन्ही पाती हलवतो, म्हणून रेष डुलते. सलूनमध्ये कारागिराचा हात नुसता बघा. चारही बोटं गोठलेली, अंगठा तेवढा नाचतोय. केस नसताना मध्येच हवेत कच-कच वाजवतो तेव्हाही अंगठाच. घरी मात्र कात्री अशी मोकळी वाजवायची सोय नाही. ‘रिकामी कात्री वाजवू नकोस, घरात भांडणं होतात,’ इति सासूबाई. भांडणं न वाजवताही होतात हे त्यांना चांगलं माहीत आहे.

कात्र्यांचं गाव म्हणजे मेरठ. तिथल्या कात्रीला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. गाड्यांच्या जुन्या स्प्रिंगपाट्यांसारख्या भंगारातून तिथे पाती घडवतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या कात्री पुन:पुन्हा धार लावून वापरतात. मुंबईत मात्र कुठलीही कात्री गंजते. इथल्या हवेत मीठ आहे आणि पावसाळ्यात तर उशीसुद्धा दमट लागते. त्यामुळे काम झालं की पाती कोरडी पुसायची, सांध्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब टाकायचा आणि कात्री कापडात गुंडाळून ठेवायची. आमच्या रस्त्यावर सायकल स्टँडवर चढवून पायडलने चाक फिरवणारा धारवाला येतो. सुऱ्या, विळी, दुधाची कात्री खुशाल त्याच्याकडे द्यावी. केसांची देऊ नये. ते चाक जाड धार लावतं, ती सुरी-विळीला शोभते, केसांच्या कात्रीला नाही.

घरी केस कापणाऱ्यांना खरी अडचण हत्यारांची नसून वारांची असते. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. चतुर्थी, एकादशी, अमावास्या वेगळ्या. संध्याकाळी दिवेलागणीनंतर तर नाहीच नाही. आमच्या घरात या सगळ्यातून वाट काढत रविवार उरतो आणि रविवारी लेक दुपारपर्यंत झोपलेला असतो. आमच्या बाजूची सलूनं सोमवारी बंद असतात. तेवढं एक सोडलं तर बाकी वारांनी धंद्याचं फारसं बिघडवलेलं दिसत नाही.

अप्पांचे केस मात्र मी कुठल्याही वारी कापते, कारण त्यांचा वार प्रकृती ठरवते. खुबा मोडल्यापासून ते पलंगावर आहेत. ज्या दिवशी अर्धा तास खुर्चीत बसवतं, तो कटिंगचा दिवस. हात असलेली खुर्ची बाल्कनीच्या दाराशी, उजेड त्यांच्या पाठीवर येईल अशी. बहुतेक लोक उजेड तोंडावर घेतात, पण काम मागे असतं. अंगाभोवती जुन्या सुती साडीचा तुकडा, कारण टेरिकॉटला केस चिकटतात आणि मग ते खाजवत बसतात. मानेत पंचा, पुढून मागे, टोकं पाठीवर. बाटलीने पाण्याचा फवारा मारते, निथळेल इतका नाही. ओला केस ताणला जातो, लांब दिसतो आणि वाळला की वर चढतो. कुरळा असेल तर आणखीच. म्हणून ओल्या केसांवर जिथे थांबावंसं वाटतं त्याच्या बोटभर आधीच थांबायचं. राहिलेलं पुन्हा कापता येतं.

‘कल्ले किती ठेवू, अप्पा?’

‘अर्ध्या कानापर्यंत. आणि बारीक नको हं करूस. मी काही काशीला चाललो नाही.’

सुरुवात मी मानेपासून करते. कंगवा खालून वर, दातांची टोकं बाहेरच्या बाजूला, आणि कंगव्याबाहेर जे येईल तेवढंच कापायचं. मान ते कान हा प्रदेश फार नाजूक. म्हाताऱ्या माणसाची कानामागची कातडी पातळ कागदासारखी सुटी होते आणि मशीनच्या दात्यात सहज येते. डाव्या हाताने ती खाली ताणून धरावी लागते. कानाची पाळी पुढे दुमडायची, मागची रेष काढायची, सोडून द्यायची. मग कानातले केस, भुवयांतले लांबलेले केस. अप्पा इथे डोळे मिटतात आणि बहुतेक वेळा झोपून जातात. मान पुढे झुकते. माझा डावा तळवा त्यांच्या कपाळाखाली जातो आणि पुढचं सगळं एका हाताने करावं लागतं. डोक्याचं वजन किती असतं ते तेव्हा कळतं. तसं साधारण साडेचार-पाच किलो. पण झोपलेल्या माणसाचं ते सगळंच्या सगळं आपल्या हातावर असतं.

आमच्या घरात सासऱ्यांना सून पाया पडण्यापुरतीच शिवते. ते आजारी पडल्यावर औषधं, जेवण, सगळं माझ्याकडे आलं तरी एक संकोच दोन्हीकडून राहिला होता. अंग पुसायला मुलगा, नाहीतर दिवसाचा माणूस. केस कापायला मात्र त्यांनी मला कधी नाही म्हटलं नाही. कात्री हातात असली की मी बहुधा सून नसते, कारागीर असते. झोपेतून जागे झाले की ते पहिल्यांदा हाताने मागची बाजू चाचपतात, नेमकी त्या खोकेची जागा. केस आहेत की नाहीत ते बघतात आणि हात खाली घेतात. मी काही बोलत नाही, तेही बोलत नाहीत.

मशीनबद्दल दोन शब्द, कारण हल्ली सगळ्यांच्या घरी ते आहे आणि बहुतेकांच्या घरी ते खणात पडून आहे. पुढे लावायच्या कंगव्यांवर नंबर असतात: एक म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर, दोन ६, तीन १०, चार १३. मोठ्या नंबरने सुरुवात करायची आणि उतरत यायचं. सगळीकडे एकच नंबर फिरवला की डोकं नारळाच्या दुकानातलं दिसतं. कानाच्या वर, जिथे डोकं आत वळायला लागतं, तिथे मशीन हळूहळू बाहेरच्या दिशेने उचलून घ्यायचं. ते उचलणं म्हणजेच सगळी कला. लेकाला हवा असतो तो फेड म्हणजे दुसरं काय, हेच उचलणं दोन-तीन नंबरांत वाटून घेतलेलं. तो यूट्यूबवरचे व्हिडिओ मला पाठवतो आणि वर म्हणतो, ‘मम्मा, हे तुला जमणार नाही.’ मग माझ्यासमोर येऊन बसतो.

एक समजूत मात्र मला अजून कुणाच्याही डोक्यातून कापून काढता आलेली नाही: वरचेवर कापले की केस दाट येतात. जावळ काढताना मामाच्या मांडीवर रडणाऱ्या पोरापासून ते टक्कल पडायला लागलेल्या पुतण्यापर्यंत सगळ्यांना हेच सांगितलं जातं. केसाचं जिवंत मूळ कातडीच्या आत असतं. बाहेर जे दिसतं ते केराटिन, निर्जीव. ते कापल्याची वर्दी आत पोहोचत नाही. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून हाताला ते जाड, खरखरीत लागतं, एवढंच. तान्ह्या मुलाचं मऊ जावळ तर कापलं नाही तरी पुढे गळून त्या जागी जाड केस येणारच असतात. बायकांच्या लांब केसांची खालची टोकं कापण्याला मात्र अर्थ आहे. फाटे फुटलेला केस आणखी वर चिरत जातो, तो तिथे थांबतो. सासूबाईंची अर्धा-पाऊण इंच टोकं मी अधूनमधून कापते. त्या आरसा मागत नाहीत. हातात वेणीचं टोक घेऊन वजन बघतात.

२०२० मध्ये सगळी मुंबई एकदम आमच्यासारखी झाली. २५ मार्चला टाळेबंदी लागली आणि राज्यातली सलूनं उघडली ती २८ जूनला, तीही फक्त केस कापण्यापुरती; दाढीला बंदी कायम होती. मधल्या तीन महिन्यांत सोसायटीच्या खिडक्यांतून घराघरांतली मशीनं ऐकू यायची. व्हिडिओ कॉलवर सगळे समोरून नीट आणि पाठ वळवली की एकेक नमुना! मला त्या वेळचं आठवतं ते मात्र दुसरं. आमच्या कोपऱ्यावरच्या सलूनमधले कारागीर बिहारचे होते, मे महिन्यात श्रमिक गाड्या सुटल्या तेव्हा ते गेले. शटर उघडलं तेव्हा खुर्च्या चार आणि हात एकाचेच. घरी केस कापून आपण कुणाचा धंदा मारतो असं मला वाटत नाही, नवरा अजूनही दिवाळीच्या आधी हौसेने तिथेच जातो. पण ज्या हाताला गल्लीतल्या दोनशे डोक्यांची मागची बाजू पाठ होती तो हात परत आला नाही, हे नुकसान कुठल्या पंचनाम्यात आलं नसणार.

घरी केस कापणं म्हटलं की आपल्याला जिव्हाळाच आठवतो. पूर्वी सगळेच केस घरी कापले जायचे. न्हावी धोकटी घेऊन दारी यायचा, ओटीवर बसून कुटुंबाचं काम उरकायचा आणि सुगीला धान्य न्यायचा. पण हाच न्हावी मागीलदारीही बोलावला जायचा, नवरा गेलेल्या बाईच्या केशवपनासाठी. तेही घरीच व्हायचं, साध्या हत्यारांनी, घरच्या माणसांच्या देखरेखीखाली. त्या बाईला कुणी मागचा आरसा दाखवत नव्हतं. याविरुद्ध १८९० साली याच मुंबईत न्हाव्यांची सभा भरली. पुढाकार होता नारायण मेघाजी लोखंडे यांचा, ‘दीनबंधु’चे संपादक आणि गिरणी कामगारांचे पहिले मोठे पुढारी. विधवांच्या डोक्यावर आम्ही वस्तरा चालवणार नाही, असं त्या सभेत न्हाव्यांनी ठरवलं. रूढी घरातल्यांनी मोडायला हवी होती. नकार दिला तो ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनी. सलूनमध्ये भिंतीवर संत सेना महाराजांचा फोटो असतो, त्याच्या शेजारी या सभेची एखादी पाटी असायला हरकत नव्हती.

हे सगळं मला आठवत होतं ते एका वेगळ्याच दुपारी. मोठ्या जाऊबाई, मी त्यांना वहिनी म्हणते, चिपळूणहून उपचारांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये पहिली केमो झाली होती. ही औषधं झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना गाठतात, आणि केसांच्या मुळाशी अशाच पेशी असतात. त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत केस जायला लागतात. आधीच कापून आखूड ठेवले तर उशीवर पुंजके बघायची वेळ येत नाही. वहिनींची वेणी कमरेखाली होती. त्यांनी सकाळी स्वतः तेल न लावता घट्ट घातली आणि माझ्यासमोर स्टुलावर येऊन बसल्या. ‘तूच काप. पार्लरमध्ये ती पोरगी रडायला लागेल, मग तिला कोण समजावणार?’

वेणीला वर एक आणि खाली एक, दोन रबरं लावली. वरच्या रबराच्या वर कापायचं म्हणजे वेणी सुटत नाही. असं वाटतं की एकदा कच्‌ केलं की झालं. तसं होत नाही. वेणी मनगटाएवढी, कात्रीच्या टोकात एका वेळी थोडीच येते. आठ-दहा घासांत ती कापावी लागते आणि प्रत्येक घासाला करकर आवाज होतो. वहिनी मध्ये एकदाच बोलल्या, ‘सुरण कापतेस का गं?’ नंतर मी मागून नीट सारखं केलं. कात्रीचं टोक उभं धरून थोडं थोडं टिपलं, म्हणजे कापल्याची आडवी रेष दिसत नाही.

‘मागून कशी दिसते?’

आरसा धरण्यापेक्षा मी फोनवर फोटो काढून दिला. त्यांनी तो दोन बोटांनी मोठा केला, चष्मा वर ढकलला आणि बराच वेळ बघितला. ‘अगं, ही तर आईची मान,’ त्या म्हणाल्या. वेणीखाली इतकी वर्षं ती होती, दिसली आत्ता. फोटो त्यांनी तिथल्या तिथे भावाला पाठवला. भावाचा लगेच फोन आला, आणि त्या दोघांचं आईच्या मानेवरून, तिच्या अंबाड्यावरून, तिने कधी कुणाला केसांना हात लावू दिला नाही त्यावरून जे सुरू झालं ते चहा गार होईपर्यंत. उपचार संपल्यावर पुढच्या गणपतीला वहिनी आल्या तेव्हा डोक्यावर बारीक कुरळे केस होते. केमोनंतर येणारे पहिले केस पुष्कळदा असे कुरळे येतात, पुढे हळूहळू सरळ होतात. घरातल्या सगळ्या बायकांनी हात लावून बघितले.

राहता राहिला प्रश्न खाली पडलेल्या केसांचा. मोरीत किंवा बाथरूमच्या जाळीत जाऊ द्यायचे नाहीत, हा पहिला नियम. केस पाण्यात विरघळत नाहीत, पाइपात साबणाशी गट्टी करून बसतात आणि मग खालच्या मजल्याशी बोलणं बंद होतं. चाळीत बायका विंचरताना निघालेलं गुंतवळ कौलाच्या सांदीत खोचून ठेवायच्या आणि केसांवर भांडी देणारी बाई आली की तोलून द्यायच्या. ती बाई आता आमच्याकडे फिरकत नाही, आणि पुरुषांचे बोटभर तुकडे तिने तेव्हाही घेतले नसते.

मी पेपर चौकोनी दुमडते आणि अप्पांचे केस बाल्कनीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत, वरची माती उकरून खाली घालते. केसात १५ टक्क्यांच्या आसपास नायट्रोजन असतो. मातीत तो अगदी सावकाश सुटतो, त्यामुळे घाई असणाऱ्यांनी शेणखतच घ्यावं. वरून माती पांघरली नाही तर वाऱ्याने केस उडून पोह्यांत येतात, हेही लक्षात ठेवायचं. झाड आता खांद्याइतकं झालंय. केसांमुळे की बाल्कनीतल्या उन्हामुळे ते मी छातीठोक सांगणार नाही.

सासूबाईंना कुंडीत काय जातं ते कळलं त्या दिवशी त्यांनी कढई खाली उतरवून जाहीर केलं, ‘त्या झाडाचा कढीपत्ता माझ्या आमटीत पडता कामा नये.’

अप्पा पलंगावरून म्हणाले, ‘मग माझ्या वाटीत घाल. माझेच आहेत.’

तेव्हापासून अप्पांची फोडणी वेगळी होते. त्यांच्या आमटीत कुंडीतली पानं पडतात, बाकीच्यांच्या आमटीत भाजीवाल्याकडची.